आधी फेरफार, मग सातबारा

एकमेकांशी जोडलेल्या चार टेबलांत एकदम बदल करायचा असला, की आमच्या कामात पहिली चर्चा रंगते ती क्वेरी कशी लिहायची याची. मायएसक्यूएलमध्ये दोन-तीन टेबले जॉइन करून एकच अपडेट मारता येतो. पोस्टग्रेसमध्ये एका अपडेटने एकच टेबल बदलते, पण ९.१ या आवृत्तीपासून विथ लावून अनेक टेबलांतले बदल एका वाक्यात गुंफता येतात. मायएसक्यूएलच्या सोयीत एक खाचही आहे. टेबलांमध्ये फॉरेन की असेल, तर कोणत्या टेबलाला आधी हात घालायचा हे ऑप्टिमायझर आपल्या हिशेबाने ठरवतो, आणि तो क्रम नात्याच्या उलटा पडला तर सगळे वाक्यच अपयशी होऊन मागे फिरते. हे सारे ठाऊक असायला हवे, यात वाद नाही. पण या कामात जितकी वर्षे जातात, तितके एक पटत जाते: क्वेरीचा प्रश्न दुसरा आहे, पहिला नव्हे. या चार टेबलांत बदल करावा लागतो आहे, तो काय घडले म्हणून? जे घडले त्याची स्वतःची नोंद, स्वतःचा क्रमांक, स्वतःची तारीख कुठे आहे? ती नसेल, तर चारही टेबले आज अगदी बरोबर जुळली तरी सहा महिन्यांनी त्यांतले एखादे वेगळे बोलू लागते, आणि त्या दिवशी खरे कोणाचे मानायचे हे ठरवायला काहीच हाताशी उरत नाही. म्हणून माझे म्हणणे असे की आधी घटनेची नोंद करावी, त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये संबंधित टेबले बदलावीत, आणि ती एकमेकांशी जुळलेली राहण्याची राखण माणसांच्या लक्षात राहण्यावर न सोडता डेटाबेसकडे द्यावी.

याचे मराठी वाचकाला सर्वांत ओळखीचे उदाहरण संगणकाच्या कितीतरी आधीचे आहे. गावाच्या महसुली दप्तरात एक ते एकवीस क्रमांकांचे गाव नमुने असतात. सात नंबरच्या नमुन्यात एखाद्या गटावर कोणाचा हक्क, क्षेत्र किती, आकार किती आणि इतर हक्कांत कोणाचा बोजा हे लिहिलेले असते. बारा नंबरमध्ये त्या गटात कोणत्या हंगामात कोणते पीक होते याची नोंद. दोन्ही एकाच कागदावर येतात, म्हणून सातबारा. आठ-अ त्याच जमिनीकडे खातेदाराच्या बाजूने पाहतो: या खात्यावर गावात एकूण कोणकोणते गट आहेत आणि त्यांचे क्षेत्र व आकार मिळून किती होतात. सहा नंबर म्हणजे फेरफार नोंदवही, सहा-अ तक्रारींची आणि सहा-क वारसांची. एका खातेदाराचे नाव बदलले की यांतल्या निदान चार वह्यांना हात लावावा लागतो. डेटाबेसवाल्याच्या डोळ्यांनी पाहिले, तर ही एकमेकांशी जोडलेली टेबलेच आहेत, आणि हाताने लिहिण्याच्या काळात ती एकमेकांशी न जुळण्याचा धोका कायमच होता. सातवरच्या क्षेत्रांची बेरीज आणि आठ-अ वरचे एकूण क्षेत्र यांत फरक पडणे, किंवा सातबारा आणि आकारबंद यांचे क्षेत्र न जुळणे, ही तलाठी कार्यालयात खेटे घातलेल्या कोणालाही नवी वाटणारी गोष्ट नाही.

इतक्या वह्या आणि इतके हात असूनही ही व्यवस्था तगून राहिली, याचे कारण तिच्या गाभ्याला असलेल्या एका नियमात आहे. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ याच्या कलम १४९ प्रमाणे वारसाने, खरेदीने, वाटपाने, बक्षिसाने, गहाणाने किंवा इतर मार्गाने हक्क मिळवणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याला कळवायचे असते. कलम १५० प्रमाणे तलाठी ती वर्दी फेरफार नोंदवहीत लिहितो, तिची प्रत चावडीवर लावतो आणि ज्यांचा ज्यांचा संबंध दिसतो त्यांना नोटीस देतो. हरकत आली तर ती तक्रारींच्या नोंदवहीत जाते आणि तिचा निर्णय होतो. मग मंडळ अधिकारी किंवा त्या दर्जाचा अधिकारी नोंद प्रमाणित करतो. याच कलमात स्पष्ट म्हटले आहे की प्रमाणित झाल्याखेरीज फेरफारातली नोंद अधिकार अभिलेखात न्यायची नाही. सातबाऱ्यावर थेट लिहिण्याची मुभा तलाठ्यालाही नाही. सातबाऱ्यावरच्या नावासोबत फेरफाराचा क्रमांक असतो. हे नाव इथे का आले, याचा धागा त्या क्रमांकाला धरून मागे नेता येतो. कलम १५७ अधिकार अभिलेखातली नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत, खरी मानते. कायद्याला इतके मोठे गृहीत धरता आले, कारण प्रत्येक नोंदीच्या मागे एक तपासलेली घटना उभी आहे.

हेच डेटाबेसमध्ये मांडून पाहू. समजा गट क्रमांक ११२, क्षेत्र २ हेक्टर ४० आर, खाते ५७, आणि खातेदार वारला. मागे पत्नी, मुलगा आणि मुलगी. करायच्या गोष्टी अशा: वारसांच्या टेबलात तीन नोंदी, फेरफाराची स्थिती प्रलंबितवरून प्रमाणित, खाते आणि खातेदार जोडणाऱ्या टेबलात मयताची नोंद बंद, तिथेच तीन नव्या नोंदी, खात्याचा प्रकार वैयक्तिकवरून सामाईक. पाच वाक्ये. मयताची नोंद बंद झाली आणि नव्या नोंदी पडायच्या आत कनेक्शन तुटले, तर गट ११२ ला त्या क्षणापासून मालकच नाही. दुसऱ्या दिवशी कोणी उतारा काढला, तर कागद छापला जाईल, शिक्का बसेल आणि नावाची जागा कोरी असेल. प्रोग्रॅमने कसलीही चूक दाखवलेली नसेल, कारण जी वाक्ये चालली ती सगळी बिनचूक चालली. हे टाळायला ती पाचही एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधावी लागतात: होतील तर पाचही, नाही तर एकही नाही. आयबीएममध्ये आणि पुढे टँडेममध्ये जिम ग्रे यांनी या कल्पनेवर जे काम केले, त्याचा गाभा हाच होता. १९८१ च्या त्यांच्या निबंधात ट्रान्झॅक्शनचे गुण आणि तिच्या मर्यादा दोन्ही मांडलेल्या आहेत. ॲसिड हे आता प्रत्येक मुलाखतीत विचारले जाणारे नाव १९८३ मध्ये टेओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी दिले. मुलाखतीत चारही अक्षरे फोडून सांगणारे पुष्कळ भेटतात. आपल्या प्रोग्रॅममध्ये ट्रान्झॅक्शन नेमकी कोणत्या ओळीवर सुरू होते आणि कोणत्या ओळीवर संपते, हे बोट ठेवून दाखवणारे त्या मानाने कमी, आणि काम अडते ते तिथेच.

ट्रान्झॅक्शनची हद्द कुठे आखायची हे तंत्रावरून ठरत नाही, विषयावरून ठरते. वारसनोंदीचेच पाहा. जमिनीचा कायदा माहीत नसलेला हुशार प्रोग्रॅमर वारस तीन आहेत म्हणून क्षेत्राला तिनाने भागून मोकळा होईल. प्रत्यक्षात वारसनोंदीने फक्त नावे लागतात. खाते सामाईक होते आणि जमीन एकत्रच राहते. हिस्से पाडणे हे वाटप, ती वेगळी घटना आहे, तिचा फेरफार वेगळा, आणि ती वर्षानुवर्षे होत नाही किंवा कधीच होत नाही. दोन घटना एका ट्रान्झॅक्शनमध्ये कोंबल्या, तर डेटाबेस अगदी आज्ञाधारकपणे असे वाटप करून ठेवील जे कोणीच केलेले नाही. उलट खरे वाटप आले, तर तिथे क्षेत्र, आकार आणि नावे एकत्रच बदलायला हवीत, त्यांचे तुकडे करून चालणार नाही. तिथे आणखी एक बारीक जागा आहे. एक हेक्टर तिघांत वाटला की प्रत्येकी ३३.३३ आर, बेरीज ९९.९९. उरलेला शून्य पूर्णांक शून्य एक आर म्हणजे एक चौरस मीटर जमीन, आणि ती कोणाच्याच नावावर नाही. एका गटात हे चालून जाईल असे वाटते. तालुकाभर असेच चालले, तर सात आणि आठ-अ यांच्या बेरजा जुळवायला बसणारा माणूस हैराण होतो, कारण फरक सगळीकडे आहे आणि चूक कुठेच सापडत नाही. ती उरलेली जमीन कोणत्या हिश्शात घालायची याचा नियम आधी ठरवून लिहिलेला हवा, आणि हिश्शांची बेरीज मूळ क्षेत्राइतकी असल्याशिवाय कमिटच होऊ नये.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो अभ्यासू माणसाचा आहे: मुळात एकच माहिती चार ठिकाणी ठेवायचीच कशाला? एडगर कॉड यांनी १९७० मध्ये रिलेशनल मॉडेलचा जो निबंध लिहिला, त्याच्या उत्तरार्धाचा विषयच पुनरुक्ती आणि सुसंगती हा आहे. नॉर्मलायझेशन नीट केले, प्रत्येक गोष्ट एकाच जागी ठेवली, तर अनेक टेबले बदलण्याची वेळच येणार नाही, असे हे म्हणणे. यातले निम्मे मला मनापासून मान्य आहे. आठ-अ वेगळे टेबल म्हणून साठवू नये. सातच्या माहितीवरून तो हवा तेव्हा काढता येतो, आणि काढलेला आठ-अ सातशी न जुळण्याचा प्रश्नच राहत नाही. खातेदाराचे नाव दहा टेबलांत लिहून ठेवणे हाही निव्वळ आळस. पण उरलेले निम्मे खरे नाही. वर सांगितलेल्या पाच वाक्यांत पुनरुक्ती कुठेच नव्हती. वारस, फेरफार, खाते आणि खातेदाराची जोड या वेगवेगळ्या गोष्टी आहेत, त्या वेगवेगळ्या टेबलांतच असायला हव्यात, आणि तरीही एका माणसाच्या मृत्यूने त्या सगळ्या एकदम हलतात. उलट, नॉर्मलायझेशन जितके काटेकोर तितकी टेबले जास्त, आणि एका घटनेला हात लावावी लागणारी ठिकाणेही जास्त. कॉड यांच्या मार्गाने एकाच गोष्टीच्या दोन प्रती भांडायच्या थांबतात. एका घटनेचे अनेक परिणाम एकत्र बांधायचे काम त्यानंतरही शिल्लक राहते.

दुसरा आक्षेप कॅस्केडवाल्यांचा. फॉरेन कीला ऑन अपडेट कॅस्केड आणि ऑन डिलीट कॅस्केड लावून ठेवले, की वरचे बदलले तसे खालचे आपोआप बदलते किंवा पुसले जाते. मग एवढा विचार कशाला? माझ्या मते या सगळ्या विषयात सर्वांत जास्त नुकसान इथे होते, कारण कोणत्या जोडलेल्या नोंदी बदलू नयेत हा प्रश्नच कॅस्केड विचारू देत नाही. गट ११२ खरेदीने दुसऱ्याच्या नावावर गेला. सात नंबर बदलला पाहिजे. पण बारा नंबरमधल्या २०१९ च्या खरिपातल्या सोयाबीनच्या नोंदीला जुन्याच खातेदाराचे नाव राहिले पाहिजे, कारण त्या वर्षी ती जमीन त्याची होती. विम्याचा किंवा नुकसानभरपाईचा वाद निघाला तर त्याच नोंदीला किंमत आहे. जुना फेरफार, जुनी महसुलाची पावती, जुनी नोटीस, यांतले काहीही नव्या नावाने दिसता कामा नये. दुकानाच्या बिलातही हेच. ग्राहकाने पत्ता बदलला म्हणून तीन वर्षांपूर्वीच्या बिलावरचा पत्ता बदलला, तर ते बिल खोटे झाले. म्हणजे जोडलेल्या नोंदी दोन जातीच्या असतात. एक, आजची स्थिती सांगणाऱ्या. त्या घटनेबरोबर बदलायच्या. दुसऱ्या, त्या त्या दिवशी काय होते हे सांगणाऱ्या. त्यांना हात लावायचा नाही. हाताने लिहिणारा तलाठी जुने नाव खोडून नाहीसे करत नसे, ते कंसात घालून कमी करत असे आणि नवे खाली लिहीत असे. आपल्या टेबलात तेच काम पासूनची तारीख आणि पर्यंतची तारीख हे दोन कॉलम करतात. एसक्यूएलच्या २०११ च्या प्रमाणकात अशा काळाच्या टेबलांना रीतसर जागाही मिळाली आहे. ऑन अपडेट कॅस्केडची गरज वारंवार लागत असेल, तर बहुधा बदलत जाणाऱ्या गोष्टीला, नावाला किंवा फोन नंबरला, प्रायमरी की केलेले असते. ती निवड आधी सुधारावी. ऑन डिलीट कॅस्केड मी फक्त तिथे मान्य करतो जिथे खालच्या नोंदीला वरच्या नोंदीवाचून काही अर्थच नाही, जसे कच्च्या, न पाठवलेल्या अर्जाच्या ओळी.

आता जो भाग मला या विषयात सर्वांत मोलाचा वाटतो, तो एकाच वेळी दोघांनी हात घालण्याचा. गटात एका खातेदाराचे १ हेक्टर शिल्लक आहे. त्याने ६० आर एकाला विकले आणि ७० आर दुसऱ्याला, आणि दोन्ही नोंदी दोन संगणकांवर एकाच सुमारास चालल्या आहेत. दोघांनी शिल्लक वाचली, १०० आर. दोघांची तपासणी पार पडली, कारण ६० आणि ७० दोन्ही शंभराच्या आत आहेत. पहिल्याने शिल्लक ४० लिहिली, दुसऱ्याने त्यावर ३० लिहिली. शंभर आरातून एकशे तीस विकले गेले आणि तीस उरलेही. दोन्ही ट्रान्झॅक्शन्स आपापल्या जागी पूर्ण झाल्या होत्या, तरी हे झाले. छोट्या कामासाठी उपाय सोपा आहे: वाचून, प्रोग्रॅममध्ये वजाबाकी करून परत लिहायचे नाही, क्षेत्र वजा साठ असा अपडेट क्षेत्र साठ किंवा जास्त असेल तरच या अटीसह मारायचा, किंवा आधी सिलेक्ट फॉर अपडेटने ती ओळ लॉक करायची. अदलाबदलीसारख्या कामात दोन गट लॉक करावे लागतात. तिथे एकाने गट ४० धरून गट ९५ ची वाट पाहावी आणि दुसऱ्याने ९५ धरून ४० ची, असा डेडलॉक होतो. गट क्रमांकाच्या चढत्या क्रमानेच लॉक घ्यायचे हा एक साधा शिरस्ता पाळला, तर ही कोंडी बहुतेक सुटते. पण फेरफार काही मिलिसेकंदांत होत नाही. नोटीस, पंधरा दिवसांची हरकतीची मुदत, मग प्रमाणन. पंधरा दिवस कोणी डेटाबेसचा लॉक धरून बसू शकत नाही. इथे ऑनलाइन सातबाऱ्यावर छापून येणाऱ्या दोन गोष्टी प्रत्येक डेटाबेसवाल्याने नीट पाहाव्यात, असे मी आवर्जून सांगतो: शेवटचा फेरफार क्रमांक आणि प्रलंबित फेरफार आहे की नाही. दुसरीमुळे उतारा घेणाऱ्याला कळते की या माहितीवर काम चालू आहे, जपून पुढे जा. पहिली तर तयार आवृत्ती क्रमांकच आहे. आपण ज्या सातबाऱ्याकडे पाहून निर्णय घेतला त्यावर शेवटचा फेरफार ४३१० होता, असे धरू. प्रमाणित करताना अपडेटच्या अटीत लिहायचे: गट ११२ आणि शेवटचा फेरफार ४३१०. दरम्यान ४३१५ लागून गेला असेल, तर अपडेटने बदललेल्या ओळींची संख्या शून्य येईल, आणि तिथे थांबून माणसाला सांगायचे की तुम्ही पाहिलेली माहिती जुनी झाली. कोणालाही अडवून न ठेवता दोघांचे काम सुरक्षित राहते. हे जमते, कारण घटनेला क्रमांक आहे. घटनेची नोंद नसती, तर तुलना करायला फक्त नावे आणि क्षेत्रे राहिली असती, आणि ती योगायोगाने सारखीही असू शकतात.

तिसरा आक्षेप वेगाचा आणि सोयीचा असतो. फॉरेन की, चेक, ट्रिगर यांनी लिहिणे मंदावते. नियम प्रोग्रॅममध्ये ठेवले तर ते वाचायला, तपासायला आणि बदलायला सोपे जातात. प्रोग्रॅममध्ये नियम असावेतच. वापरणाऱ्याला समजेल असा संदेश तिथूनच देता येतो. ट्रिगरबद्दलची नाराजीही मला समजते, कारण ट्रिगरमधला बदल कोडमध्ये दिसत नाही आणि नव्या माणसाला तो शोधूनही सापडत नाही. पण फॉरेन की आणि चेक यांचे काम निराळे आहे. डेटाबेसमध्ये लिहिणारा प्रोग्रॅम कधीच एकटा नसतो. जुनी माहिती आत घेणारी स्क्रिप्ट असते, महिनाअखेरीचे काम असते, दुसऱ्या टीमची सेवा असते, आणि सपोर्टला बसलेला, रात्री तक्रार मिटवण्यासाठी प्रॉडक्शनवर थेट अपडेट मारणारा माणूस असतो. यांतला प्रत्येकजण प्रोग्रॅममधला नियम वळसा घालून जातो. डेटाबेसच्या दारातून मात्र सगळ्यांनाच जावे लागते. हे दार आहे असे समजून ते उघडेच टाकणेही सोपे असते. मायएसक्यूएलचे जुने मायआयसॅम इंजिन फॉरेन कीची व्याख्या तक्रार न करता वाचत असे आणि सोडून देत असे, ट्रान्झॅक्शनही त्यात नव्हती. ५.५ पासून, २०१० मध्ये, इनोडीबी डीफॉल्ट इंजिन झाले. एसक्यूलाइटमध्ये आजही फॉरेन कीची तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला ती वेगळी चालू करावी लागते. कागदावर नियम आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या टीमने एकदा मुद्दाम चुकीची नोंद घालून पाहावी. वेगाचे म्हणाल, तर फॉरेन कीच्या कॉलमवर इंडेक्स न लावल्यामुळे मंदावलेल्या कामाचे खापर फॉरेन कीवर फुटताना पुष्कळ दिसते.

सर्वांत वजनदार आक्षेप शेवटचा. आजच्या यंत्रणा एका डेटाबेसमध्ये मावत नाहीत. इथले टेबल एका खात्याचे, तिथले दुसऱ्या संस्थेचे. त्यांना एका ट्रान्झॅक्शनमध्ये बांधणार कसे? शेतकऱ्याच्या पीककर्जाचेच घ्या. विकास सोसायटीचे किंवा बँकेचे कर्ज फिटले, त्यांच्या डेटाबेसमध्ये खाते शून्य झाले. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा तसाच आहे. तो कमी व्हायला बेबाकी दाखला, अर्ज, फेरफार आणि प्रमाणन लागते, आणि मधल्या काळात दोन डेटाबेस दोन वेगळ्या गोष्टी सांगतात. दोन्ही बाजूंना एकाच कमिटने बांधण्याची टू-फेज कमिट ही पद्धत आहे, पण एक बाजू बंद पडली तर दुसरी अडकून बसते. बँक आणि महसूल खाते असे अडकून बसणे कोणालाच परवडणार नाही. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि मग म्हणतो की इथे तर घटनेच्या नोंदीची गरज दुप्पट होते. हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी १९८७ मध्ये सागा या नावाने जी पद्धत मांडली, तीत लांबलचक काम छोट्या छोट्या ट्रान्झॅक्शन्समध्ये तोडायचे आणि पुढची पायरी फसली तर मागच्या पायऱ्यांची भरपाई करणाऱ्या उलट ट्रान्झॅक्शन्स चालवायच्या, असे आहे. ती चालवायला काम कुठवर आले हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. बँकेने कर्ज बंद करताना त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये, आपल्याच डेटाबेसमध्ये, बोजा कमी करण्याचा निरोप पाठवायचा आहे अशी ओळ लिहावी. निरोप पोचवणारे काम ती ओळ वाचून पाठवत राहील आणि पोच आली की तिच्यावर खूण करील. निरोप दोनदा गेला तरी बिघडू नये म्हणून दाखल्याचा क्रमांक पलीकडच्या टेबलात युनिक हवा. दोन डेटाबेस काही दिवस वेगळे बोलतील. तो काळ टळणार नाही, पण तो प्रलंबित म्हणून दोन्हीकडे दिसायला हवा. शेतकऱ्याला नवे कर्ज नाकारले जाते तेव्हा त्याच्यापुढचा प्रश्न हाच असतो की अडले कुठे, आणि उत्तर देणाऱ्याच्या पडद्यावर ते दिसत नसेल तर त्याला आणखी एक फेरी घालावी लागते.

चूक दुरुस्त करण्याची रीतही यातूनच ठरते. प्रमाणित झालेला फेरफार चुकीचा निघाला, तर तो नोंदवहीतून फाडून काढत नाहीत. अपील होते, आदेश होतो, आणि त्या आदेशाचा नवा फेरफार लिहून सातबारा दुरुस्त होतो. दोन्ही फेरफार वहीत राहतात. डेटाबेसमध्ये मात्र चूक दिसली की जुनी ओळ सरळ अपडेट करून टाकण्याचा मोह अनावर असतो, कारण एका ओळीच्या क्वेरीत ती नाहीशी होते. चूक नाहीशी होते, आणि त्या चुकीवर विसंबून मधल्या काळात ज्यांनी काही केले, कर्ज दिले, खरेदी केली, त्यांच्या कृतीचा आधारही नाहीसा होतो. कमिट होण्याआधी रोलबॅक मोकळेपणाने वापरावा. कमिट झाल्यावर मागे जायचा मार्ग म्हणजे उलट नोंद.

राहता राहिली ती अडचण, जिच्यापुढे वरचे सगळे शहाणपण लटके पडू शकते: दहा-वीस वर्षे चाललेला डेटाबेस, आणि त्यातली माहिती आधीच न जुळणारी. फॉरेन की लावायला गेले की पोस्टग्रेस नकार देतो, कारण मालक नसलेली खाती आणि गट नसलेली पिके आत पडून आहेत. मग नियम लावायचेच सोडून दिले जाते, आणि न जुळणाऱ्या नोंदी रोज वाढत राहतात. इथे निदान वाढ तरी आजच थांबवता येते. पोस्टग्रेसमध्ये नॉट व्हॅलिड असे म्हणून फॉरेन की लावली, तर जुन्या ओळी तो तपासत नाही, पण नव्या येणाऱ्या प्रत्येक ओळीला नियम लागू होतो. मग जुन्या ओळी सवडीने निस्तरायच्या आणि शेवटी व्हॅलिडेट चालवायचे. निस्तरताना कोणती ओळ खरी हे क्वेरीने ठरवू नये. सातबाऱ्याचे संगणकीकरण झाले तेव्हा हस्तलिखित आणि संगणकातला उतारा ताडून पाहायला गावोगाव चावडी वाचन झाले. नोंदी मोठ्याने वाचल्या गेल्या, कारण गट कोणाचा हे तिथे बसलेल्या माणसांना माहीत होते. कलम १५५ मध्ये दुरुस्तीची सोय आहे, तीही लेखनप्रमाद आणि संबंधितांना मान्य असलेल्या किंवा तपासणीत अधिकाऱ्याला आढळलेल्या चुकांपुरती. न जुळणाऱ्या ओळींची यादी काढणे, प्रत्येकीपुढे ती कोणी, कशाच्या आधारे आणि कधी दुरुस्त केली हे लिहायला जागा ठेवणे, आणि ज्यांचा निर्णय लागत नाही त्या तशाच, निर्णय बाकी असे दाखवत ठेवणे, एवढे करायला महिने लागतात. व्हॅलिडेट त्यानंतर चालवायचे. एखादी ओळ अजूनही बाकी असेल, तर पोस्टग्रेस चूक दाखवून थांबेल, आणि ती ओळ घेऊन परत त्या विषयातल्या माणसाकडे जायचे.